यालमारच्या गॅरेजची दुसरी किल्ली

आमच्या ग्रानफोर्स गावात उन्हाळ्यात लोक मागचं दार नुसतं लोटून तळ्यावर पोहायला जातात. माझ्या समोरच्या घरात राहणारा यालमार बेकलीन मात्र कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला निघाला तरी गॅरेजला कुलूप घालायचा. थोडा पुढे गेला की परत यायचा, कुलूप ओढून बघायचा आणि मग डब्याकडे जायचा. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते गॅरेज सरळ दिसतं. नवरा गेल्यापासून मी सकाळचा चहा त्या खिडकीशीच घेते, त्यामुळे हे वर्षानुवर्षं पाहत आले आहे.

त्या गॅरेजच्या दोन किल्ल्या होत्या. एक यालमारच्या कमरेच्या साखळीला, दुसरी सिक्स्टेन ओडेनकडे. यालमारचा भरवसा असलेला जगातला तो एकच माणूस. ही हकिगत त्या दुसऱ्या किल्लीची आहे.

यालमारने जन्मभर बस चालवली. ग्रानफोर्सहून किनाऱ्यावरच्या शहरात आणि परत. प्रवाशाने पास दाखवला की तो पास उलटून मागची बाजू बघायचा. मी त्याच्या समोर राहायला येऊन किती वर्षं झाली होती, तरी माझाही पास उलटायचा. एकदा मी विचारलंच. तो म्हणाला, "तू तीच नलिनी आहेस हे मला माहीत आहे. पास तोच आहे का, ते मला माहीत नाही."

हा स्वभाव जन्माचा नव्हता, असं सिक्स्टेन सांगायचा. विशीच्या आत यालमारने पहिली गाडी घेतली, तिच्या गिअरबॉक्समध्ये विकणाऱ्याने लाकडाचा भुसा भरला होता. भुशाने दातेरी चाकांची खरखर दबते. गाडी घरी येईपर्यंत मांजरासारखी गुरगुरत होती, पंधरवड्यात भुसा जळाला आणि गिअरबॉक्सचे तुकडे रस्त्यावर पडले. विकणारा चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. त्यानंतर यालमार चर्चमध्ये गेला तो आईच्या अंत्यविधीलाच, आणि तेव्हाही ऑर्गनकडे पाठ करून बसला.

आईमागे राहिली तिची जुनी व्हॉल्वो, लांब पाठीची, बटाट्याची पोती वाहून मागची सीट खचलेली. बस चालवणं संपल्यावर यालमारने ती शर्यतीला तयार करायला घेतली. इथे जुन्या लष्करी विमानतळाच्या धावपट्टीवर उन्हाळ्यात शर्यती होतात. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या आणि सरळ रेषेत कोण आधी पोचतो ते बघायचं. बाहेरून गाडी होती तशीच ठेवायची, बटाटे वाहणारी, आणि आतून मात्र कोणाला ऐकणार नाही अशी करायची, हा या लोकांचा जुना शौक आहे.

त्यातलं शास्त्र सिक्स्टेनने मला माझ्याच टेबलावर साखरेचं भांडं आणि दोन स्ट्रॉ घेऊन समजावलं होतं. इंजिनाची ताकद वाढवायची तर त्यात जास्त हवा कोंबावी लागते, आणि हवेच्या प्रमाणात इंधनही जास्त द्यावं लागतं. हवा आली आणि इंधन कमी पडलं, तर आतली उष्णता इतकी वाढते की पिस्टन मेणासारखा वितळतो. शर्यतवाले बहुतेक सगळे पंपावर मिळणारं इथेनॉल वापरतात. ते इंजिन थंड ठेवतं, पण पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त लागतं. म्हणून टाकीतला पंप मोठा, नळ्या जाड, इंजेक्टर मोठे, असं सगळंच बदलावं लागतं.

सिक्स्टेनचा धंदा घरं गरम ठेवणाऱ्या पाण्याच्या नळ्या बसवण्याचा. नळीला विनाकारण घातलेलं वळण त्याला बघवत नसे. माझ्या बेसिनखाली वाकून तो मागच्या प्लंबरला शिव्या द्यायचा, नाव न घेता, कारण तो प्लंबर त्याचाच मेहुणा होता.

दोन उन्हाळे शर्यतीत हरल्यावर, इंजिनाची ताकद वाढवायला त्या हिवाळ्यात दोघं रोज गॅरेजमध्ये असत. गॅरेजमध्ये कॉफी प्यायची नाही, वाफेने गंज चढतो, असा यालमारचा नियम. म्हणून कॉफीला माझ्याकडे येत. बूट दाराशी काढायचे, वेलचीचा पाव हातात घ्यायचा आणि भांडण जिथे थांबलं होतं तिथून पुढे चालू करायचं.

"एक पंप पुरणार नाही," सिक्स्टेन म्हणाला. "दोन लाव."

"का?"

"कारण एक पुरणार नाही."

"दोन पंप मिळतात कुठे?"

"कुठेही मिळतात. टोर्वाल्डकडे तर एक नवाकोरा पडून आहे."

यालमारने कप खाली ठेवला. टोर्वाल्ड शेजारच्या गावचा. त्याच्या पांढऱ्या गाडीने यालमारला सलग दोन उन्हाळे हरवलं होतं.

"त्याच्याकडे काय पडून आहे ते तुला कसं माहीत?"

"त्याच्या घरच्या नळ्या बसवल्या मी."

"कधी?"

"यालमार, त्याच्या बायकोने जेवायला काय केलं होतं तेही सांगू का?"

"जेवलास पण?"

"वाटाण्याचं सूप होतं. गुरुवार होता. गुरुवारी या देशात दुसरं काय मिळतं?"

मी हसले. यालमार हसला नाही. त्याने एकच पंप लावला.

मार्चमध्ये, रस्त्याच्या कडेला अजून बर्फाचे ढीग होते तेव्हा, त्याने गाडी ट्रेलरवर चढवून शहरात नेली. तिथे गाडीची चाकं रोलरवर जागच्या जागी फिरवून ताकद मोजतात, आणि इंजिनात केव्हा किती इंधन सोडायचं ते कॉम्प्युटरमध्ये बसवतात. तो एकटाच गेला. सिक्स्टेनला परतल्यावर सांगितलं.

"एक पंप," तो माझ्या दारातूनच म्हणाला. "इंधनाच्या दाबाचा काटा शेवटपर्यंत हलला नाही."

"छान," सिक्स्टेन म्हणाला. "मला नेलं असतंस तर काटा लाजला असता का?"

आणखी एक सवय सांगायला हवी. यालमारचा कोणत्याही पंपावर विश्वास नव्हता. गाडीत इंधन भरलं की त्यातलं थोडं तो जॅमच्या रिकाम्या बरणीत काढून, झाकण घट्ट लावून, वर तारखेची चिठ्ठी चिकटवून तळघरात ठेवायचा. उद्या काही झालं तर पुरावा हवा. तळघरात एका फळीवर लिंगनबेरीचा जॅम आणि खालच्या फळीवर इंधन. माझ्यासाठी जॅम आणायला तो उतरला की बरणी उघडून वास घेतल्याशिवाय मी ती घेत नसे.

जून महिन्यात पहिली शर्यत झाली. ऊन चांगलं तापलं होतं. मी कुंपणापाशी खुर्ची टाकून बसले होते. यालमारची गाडी बाणासारखी सुटली, पण शेवटच्या टप्प्यात अडखळली, खोकल्यासारखा आवाज आला आणि त्याने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. परत आल्यावर म्हणाला, इंधनाच्या दाबाचा काटा पडला. फिल्टर बदलला. दुसऱ्या फेरीला शेजारच्या पट्ट्यात नेमकी टोर्वाल्डची पांढरी गाडी आली. या वेळी यालमारने पाय काढला नाही. शेवटाकडे गाडीच्या मागून निळा धूर निघाला आणि ती तशीच घरंगळत गवतात गेली. पिस्टनला भोक पडलं होतं.

टोर्वाल्ड धावत येऊन म्हणाला, "वाईट झालं." आणि जाताना सिक्स्टेनच्या खांद्यावर हात ठेवून गेला. यालमारने तो हात पाहिला. मीही पाहिला.

त्या आठवड्यात त्याने गाडीच्या पोटातली इंधनाची सगळी वाट उघडली. शुक्रवारी तो माझ्याकडे आला, टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि मेलेला साप ठेवावा तसा वीतभर नळीचा तुकडा त्यावर ठेवला. काळी रबरी नळी, दोन्ही टोकांना चकचकीत पट्ट्या.

"ही मी लावलेली नाही."

"मग कोणी लावली?"

"किल्ल्या किती आहेत, नलिनी?"

"अरे, विचार ना त्याला."

"विचारलं तर तो काहीतरी सांगेल."

"मग झालं की."

"आणि तो सांगेल ते खरं आहे का, हे मग कोणाला विचारू?"

मी म्हटलं, सिक्स्टेन असं करणार नाही. तो म्हणाला, ऑर्गनवालाही करणार नव्हता. नळीने इंधनाची वाट आवळली असणार, आणि टाकीत साधं पेट्रोल मिसळलं असणार, म्हणजे इंजिन जास्त तापावं आणि दोष पंपावरच्या इंधनावर जावा. टोर्वाल्डला तिसरा उन्हाळा हवा होता आणि आतला माणूस त्याला मिळाला होता. हे तो आवाज न चढवता, एकेक करून सांगत होता, बसचे थांबे सांगावेत तसे.

तो गेल्यावर मला मे महिन्यातली एक सकाळ आठवली. यालमार दाताच्या डॉक्टरकडे गेला होता. सिक्स्टेन किल्लीने गॅरेज उघडून आत गेला आणि थोड्या वेळाने कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन बाहेर आला. मला खिडकीत पाहून त्याने हात हलवला होता, मीही हलवला होता. रोजनिशीत त्या दिवशी मी फक्त 'सिक्स्टेन येऊन गेला' एवढंच लिहिलं आहे. आता त्या हात हलवण्यातही मला काहीतरी दिसू लागलं. इतक्या पटकन का हलवला? मी यालमारला हे सांगितलं नाही. पण सिक्स्टेनने दुरुस्त केलेल्या माझ्या नळाचं पाणी त्या संध्याकाळी मी आधी वाटीत धरून पाहिलं.

यालमारने गॅरेजला दुसरं कुलूप लावलं. सोमवारी सिक्स्टेन आला, त्याची किल्ली एका कुलपात फिरली, दुसऱ्यात जाईना. तो थोडा वेळ दाराकडे बघत उभा राहिला, मग माझ्याकडे आला.

"नवं कुलूप आहे."

"मला काही माहीत नाही," मी म्हटलं.

"तुला माहीत आहे. तू खिडकीत बसतेस."

कॉफी प्यायला, तळ्यात यंदा मासे लहान आहेत म्हणाला आणि अर्धा पाव बशीत ठेवून गेला. सिक्स्टेनने पाव टाकलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

इथल्या मोटर क्लबचा नियम आहे, दुसऱ्याच्या गाडीला लपून हात लावणाऱ्याचं सभासदत्व जातं. पुन्हा धावपट्टीवर पाऊल ठेवता येत नाही. यालमारने तक्रार दिली आणि सभा ठरली. क्लबच्या लाकडी खोलीत कॉफीचं मी बघते, म्हणून मीही होते.

या देशात माणूस माणसावर दगाबाजीचा आरोप करणार असला तरी सभा रीतसरच सुरू होते. आधी अध्यक्ष निवडायचा, गुन्वोर झाली. ती दुधाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. मग सभेचं इतिवृत्त बरोबर आहे ना, हे तपासायला दोन माणसं निवडायची. मागून कोणीतरी सवयीने म्हणालं, "सिक्स्टेन आहे की, दरवर्षीसारखा." सगळ्यांनी माना हलवल्या. नाही म्हणायची रीत नाही. अशा प्रकारे ज्याच्यावर आरोप होता, त्यालाच आरोप नीट लिहिला गेला का ते बघायचं काम मिळालं.

यालमार उभा राहिला. नळीचा तुकडा टेबलावर ठेवला, शेजारी दोन बरण्या. एक मार्चची, गाडी मोजली त्या दिवसाची. एक जूनची, शर्यतीच्या सकाळची. म्हणाला, माझ्या मते जूनच्या इंधनात पेट्रोल मिसळलेलं आहे. तपासा.

गुन्वोरने सिक्स्टेनकडे पाहिलं. "तुला काही बोलायचं आहे?"

"नळी मी लावली," सिक्स्टेन म्हणाला.

खोलीत कोणीतरी कप बशीत ठेवला, तोही ऐकू आला.

"का लावलीस?"

"ते त्याने विचारायला हवं होतं. मला. माझं घर नदीपलीकडे आहे, चंद्रावर नाही." त्याने खिशातून किल्ली काढली आणि बरण्यांच्या शेजारी ठेवली. "इतिवृत्ताला दुसरा कोणीतरी घ्या."

तो गेला. त्याची गाडी वाळूवरून वळून गेल्याचा आवाज आला.

गुन्वोरने दुधातलं फॅट मोजतात तशा दोन काचेच्या नळ्या आणल्या होत्या, रेघा आखलेल्या. दोन्हींत सारखं पाणी, त्यावर सारखं इंधन, बूच लावून हलवायचं आणि उभं ठेवायचं. इथेनॉल पाण्यात मिसळून जातं, पेट्रोल वर तरंगतं. जितका वरचा थर जाड, तितकं पेट्रोल जास्त. सगळे टेबलाभोवती आले.

जाड थर मार्चच्या नळीत होता. जूनच्या नळीतला थर त्याच्यापुढे अगदीच बारीक.

"जूनचं जास्त शुद्ध आहे," गुन्वोर म्हणाली. तिने दोन्ही चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या आणि यालमारकडे पाहिलं. "इंधनाचं प्रमाण तू मार्चमध्ये बसवून घेतलंस?"

"मार्चमध्येच. काम हिवाळ्यातच होतं ना सगळ्यांचं."

"म्हणजे हिवाळ्याच्या मालावर."

माझ्याही आता लक्षात आलं, आणि माझ्या आधी खोलीतल्या सगळ्यांच्या आलं होतं. पंपावरच्या इथेनॉलमध्ये थोडं पेट्रोल असतंच, आणि थंडीत गाड्या चालू व्हाव्यात म्हणून पंपवाले हिवाळ्यात इथेनॉल कमी करून ते पेट्रोल वाढवतात. उन्हाळ्यात पुन्हा इथेनॉल वाढतं, आणि मग इंजिनाला इंधनही जास्त लागतं. यालमारचा एकुलता पंप मार्चमध्ये जेमतेम पुरला होता. जूनमध्ये पुरणं शक्यच नव्हतं.

यालमार दोन्ही नळ्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पाणी कुठलं होतं?"

"नळाचं. तुझ्यासमोर भरलं."

"पंपावर पाटी असते, यालमार," मागून कोणीतरी हळूच म्हणालं.

"पाट्यांवर माझा विश्वास नाही."

कोणी हसलं नाही. गुन्वोरने तो रबरी तुकडा उचलला, वाकवला, उजेडाकडे धरून आरपार पाहिला. "वाट कुठेच आवळलेली नाही. ही इथेनॉलसाठी मुद्दाम बनवलेली नळी आहे, चांगल्यातली. ही कोणी लपवून लावत नाही, लोक दाखवत फिरतात."

"त्याने लपवून लावली," यालमार म्हणाला. पण किल्लीकडे बघत म्हणाला.

दोन दिवस तो गॅरेजकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या दाराशी आला. "नदीपलीकडे जायचं आहे. तू चल."

"मी कशाला?"

"तू असलीस की तो दार उघडेल."

सिक्स्टेन घरामागे लाकडी फळीवर मासे साफ करत होता. आम्हाला पाहिलं आणि सुरी चालूच ठेवली.

"ये नलिनी. बस. त्याला उभं राहू दे, त्याला माझ्या खुर्चीचे स्क्रू तपासावे लागतील."

यालमार उभाच राहिला. शेवटी मीच विचारलं, "मे महिन्यात तू कागदात काय नेलंस?"

सिक्स्टेनने हात धुतले, शेडमध्ये गेला आणि कागदाची पुडी घेऊन आला. आत यालमारने लावलेली मूळ नळी होती. दाबली तर शिजलेल्या मॅकरोनीसारखी मऊ, बाहेरून ओलसर.

"घाम फुटला होता हिला. इथेनॉलने खाल्ली. आणखी आठवडाभरात तापलेल्या इंजिनावर गळली असती आणि तू आईच्या गाडीसकट पेटला असतास. म्हणून बदलली."

"मला सांगितलं का नाहीस?" यालमार म्हणाला.

"सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, नळी कुठून आणली. मी म्हटलं असतं, टोर्वाल्डकडून. मग?"

यालमारने ती मऊ नळी उलटी करून पाहिली.

"म्हण ना. मग काय केलं असतंस?"

"जुनीच ठेवली असती," यालमार म्हणाला.

सिक्स्टेनने एक मासा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. मग यालमारने खिशातून दोन किल्ल्या काढल्या, जुन्या कुलपाची आणि नव्याची, आणि फळीवर ठेवल्या. माशांच्या खवल्यांत.

"किल्ली नको मला," सिक्स्टेन म्हणाला. "आयुष्यभर होती. तिचा काय उपयोग झाला?"

"मग काय हवं?"

"इंजिन तू उघड, पिस्टन तू बदल. पण टाकीपासून इंजिनापर्यंतचं सगळं मी करणार. दोन पंप. मी लावीन तेव्हा तू गॅरेजमध्ये यायचं नाहीस. दारातून बघायचं नाही. नंतर उघडून तपासायचं नाही. सगळं झालं की गाडीची किल्ली फिरवायची आणि चालवायची."

"दुसरा पंप कुठला?"

सिक्स्टेनने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"बरं," यालमार म्हणाला. एवढंच. पण मान्य करताना त्याचा चेहरा दात उपटायला बसलेल्या माणसासारखा झाला होता.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी सकाळी सिक्स्टेन हत्यारांची पेटी घेऊन आला, आणि यालमार माझ्या पायऱ्यांवर येऊन बसला. गॅरेजचं दार सताड उघडं होतं, कुलपं दोन्ही कडीला लटकत होती. आतून पाना फिरल्याचा आवाज येत होता. मी कॉफी आणून ठेवली. त्याने कप हातात घेतला, प्यायला नाही.

"काय करतोय तो आता?"

"मला इथून दिसत नाही," मी म्हटलं. दिसत होतं, पण सांगितलं असतं तर तो उठला असता.

आत काहीतरी धातूचं खाली पडलं आणि घरंगळत गेलं. यालमार अर्धा उठला.

"नट होता," आतून सिक्स्टेन ओरडला. "माझाच. बस खाली."

यालमार बसला. आतून बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. आवाजापेक्षा ती शांतता त्याला जास्त जड जात होती. एक हात कमरेच्या साखळीकडे गेला. साखळीला आता काही नव्हतं, किल्ल्या कुलपांतच होत्या. त्याने वेलचीचा पाव उचलला, सवयीने उलटा केला, खालची बाजू बघितली, आणि मग मला दिसलं हे लक्षात येऊन गपचूप खाल्ला.

"अजून किती वेळ?" त्याने विचारलं.

"विचार ना त्याला," मी म्हटलं.

तो जरा थांबला. मग जागेवरूनच गॅरेजकडे तोंड करून हाक मारली, "सिक्स्टेन, अजून किती वेळ?"

"होईल जेवणापर्यंत," आतून उत्तर आलं.

"बरं," यालमार म्हणाला, आणि पाठ टेकून बसला.